खाचरात तेल लागलं का? आणि बॉम्बे हायला ते सापडलं तरी कसं?

गेल्या पावसाळ्यात लावणी उरकून आठ-दहा दिवस झाले असतील. आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बाजूच्या वाडीतलं भाताचं खाचर, साचलेलं पाणी आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत तवंग. खाली लिहिलेलं, "आपल्या गावात तेल लागलं, जास्तीत जास्त शेअर करा." संध्याकाळपर्यंत तोच व्हिडिओ चार ग्रुप फिरून परत माझ्याकडे आला. मी बातम्या देतो म्हणून लोक फोन पण मलाच करणार. एकाने तर थेट विचारलं, "भाऊ, आता गुंठ्याला भाव काय होईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बांधावर पंधरा-वीस जण आधीच उभे. मी हातातल्या काठीने तवंग ढवळला. काच फुटावी तसे त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे तसेच वेगवेगळे तरंगत राहिले. तेल असं फुटत नाही. गाडीचं ऑइल किंवा डिझेल पाण्यावर पडलं तर काठी फिरवल्यावर ते पांगतं आणि लगेच परत एकमेकाला मिळतं. आमच्या खाचरात जे होतं ते लोखंडाचं काम. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर. साचलेल्या पाण्यात लोहावर जगणारे जीवाणू असतात, त्यांच्यामुळे पाण्यावर अशी साय धरते. खाली गंजासारखा तांबूस गाळ पण दिसतो. वास काही रॉकेलचा येत नाही. बांधावरची गर्दी पांगली, पण शेजारचे आप्पा काही हलेनात. म्हणाले, "मग समुद्रात कसं निघालं? समुद्राला निघतं, आपल्याला नाही, असं का?"

प्रश्न बरोबर होता. आणि त्याच आठवड्यात बंदरावर दुसरा प्रश्न भेटला. समुद्रात सर्व्हेचं जहाज येणार, ठरलेल्या भागातून जाळी काढून घ्या, अशी सूचना मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागली होती. ओळखीचे एक नाखवा मला म्हणाले, "तेल कुठं हाय ते त्यांना म्हायत नाय, म्हणून आमी जाली काढायची. ते भोंगा वाजवून शोधतात तरी काय? ते लिव आधी."

म्हणून हे लिहितोय. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी आहेत, आपल्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, बॉम्बे हायवर.

एक रुपयाची नोट उलटी करून बघा

लग्नाच्या अहेरात एकशेएक करायला एक रुपयाची नोट लागते. घरात असेल तर मागची बाजू बघा. समुद्रात उभं असलेलं एक यंत्र दिसेल. ते 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेली ड्रिलिंगची रिग. हिनेच फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला पहिल्यांदा तेल काढून दाखवलं. देशाला त्याचं अप्रूप इतकं की थेट नोटेवर छापलं. आपल्या खिशात इतकी वर्षं ती नोट फिरतेय, पण चित्र कशाचं हे दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना सांगता येत नाही. मलाही चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

आता या 'हाय' शब्दाबद्दल. हाय म्हणजे काही भारी, मोठं असं नाही. हाय म्हणजे उंचवटा. समुद्राच्या तळाखाली, दगडांच्या थरांत गाडला गेलेला एक लांबट उंचवटा. साठ-सत्तर किलोमीटर लांब, वीस-पंचवीस किलोमीटर रुंद. वरून जाणाऱ्या बोटीला तो दिसत नाही. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आणि तळ सपाटच. उंचवटा आहे त्या तळाच्या खाली. तेल तिथेच का जमलं, हे समजून घ्यायला आधी तेल होतं कसं ते बघावं लागेल.

पोपटी लावली असेल तर तेल कळायला अवघड नाही

एक गैरसमज आधी काढून टाकू. तेल डायनासोरपासून झालेलं नाही. शाळेतल्या पोरांना पण असंच वाटतं. मुख्य माल असतो समुद्राच्या पाण्यात तरंगणारे, डोळ्याला न दिसणारे बारीक जीव आणि शेवाळ. जवळा, करंदी ज्याच्यावर जगते ते. हे मरून तळाशी बसतात. किनाऱ्याजवळ नद्या पालापाचोळा, लाकूड, माती घेऊन येतात, तेही बसतं.

उघड्यावर मेलेली गोष्ट कुजून हवेत जाते. पण गाळात, जिथे हवा पोचत नाही तिथे ती पूर्ण कुजत नाही. खाजणात पाय घातलाय ना कधी? वर करडा चिखल, आणि गुडघाभर खाली गेलं की काळाकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास. ते काळं म्हणजेच न कुजलेलं राहिलेलं. अशा काळ्या गाळावर हजारो, लाखो वर्षं नवा गाळ पडत गेला तर खालचा दाबला जातो, त्याची पाटीसारखी दगडी होते आणि ती खोल खोल जात राहते.

जमिनीत खोल जाल तशी उष्णता वाढते. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. दोन-तीन-चार किलोमीटर खोल गेलेला हा काळा दगड ६० अंशांच्या पुढे तापायला लागला की त्यातल्या त्या सेंद्रिय मालाचं तेल व्हायला सुरुवात होते. साधारण १२० ते १५० अंशांपर्यंत तेल. त्याहून जास्त तापलं की तेल फुटून गॅस होतो. आणखी तापलं तर काहीच हाती लागत नाही.

आपल्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कुणाची अंडी, कुणाची कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. हवा आत नाही, पाणी घालायचं नाही, आच बाहेरून. आच कमी पडली तर शेंग कच्ची, जास्त झाली तर कोळसा. जमिनीखाली हेच चालतं. फरक एवढाच की आपली पोपटी अर्ध्या-पाऊण तासात होते, या पोपटीला लाखो-कोटी वर्षं लागतात. तेलवाले लोक या खोल, तापलेल्या भागाला 'किचन'च म्हणतात. स्वयंपाकघर.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दर उन्हाळ्यात कुठेतरी बोअरमधून गॅस येतो आणि पुन्हा व्हिडिओ फिरतो. खाजणातून जे बुडबुडे येतात तोही गॅसच, मिथेन. गोबरगॅसच्या टाकीत होतो तोच. तो पेट घेतो, म्हणून बोअरजवळ कोणी काडी ओढू नका. पण तो वरच्या वर जीवाणू करतात. त्याला किचन लागत नाही. बोअरमधून थोडा गॅस आला म्हणजे खाली तेल आहे, असं होत नाही.

तेलाचं तळं नसतं

तेल झालं, पण ते ज्या दगडात झालं तिथे राहत नाही. दाबाने पिळून बाहेर पडतं. खालच्या सगळ्या दगडांच्या छिद्रांत खारं पाणी भरलेलं असतं आणि तेल पाण्याहून हलकं. म्हणून ते वर वर सरकत जातं. वाटेत अडवणारं काही भेटलं नाही तर समुद्रात किंवा जमिनीवर येऊन संपून जातं. जगात झालेल्या तेलापैकी बरंचसं असंच गेलं. आसामात डिगबोईला १८८९ मध्ये विहीर लागली, त्या भागात तेल वर झिरपत होतं म्हणूनच शोध सोपा झाला.

अडायचं कुठे? लोकांना वाटतं खाली गुहा असते आणि त्यात तेलाचं तळं. तसं नाही. चिऱ्याची खाण बघितली असेल तर जांभा डोळ्यासमोर आणा. छिद्रं छिद्रं. जांभ्याच्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, तो पिऊन टाकतो. तेल अशाच छिद्रवाल्या दगडात बसतं, फक्त छिद्रं बहुतेक वेळा याहून खूप बारीक. बॉम्बे हायचा मुख्य दगड आहे चुनखडीचा, उथळ समुद्रातल्या बारीक शिंपल्या-कवचांपासून झालेला. मध्ये मध्ये समुद्र मागे सरला तेव्हा पावसाच्या पाण्याने ही चुनखडी विरघळवून आणखी भोकं पाडली. तेलासाठी एकदम बरी जागा.

पण नुसतं भोकाचं भांडं चालत नाही, त्याला झाकण पाहिजे. खाचरात पाणी का टिकतं? चिखलणी करून खाली चिकण मातीचा थर बसवलेला असतो, म्हणून. तोच चिकण थर तेलाच्या वर पाहिजे. बॉम्बे हायच्या चुनखडीवर मातीच्या दगडाचा, शेलचा असा थर बसलेला आहे.

आणि भांडं उपडं पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं. तेल वर चढतं, म्हणून ते खड्ड्यात साचत नाही, उंचवट्याच्या माथ्यात साचतं. पाणी आपण खोलगट भागात शोधतो, तेल उंचवट्यात शोधायचं. बॉम्बे 'हाय' ते याचसाठी. वर गॅस, मध्ये तेल, खाली खारं पाणी, सगळं दगडाच्या छिद्रांत.

म्हणजे काळा गाळ, योग्य आच, भोकांचा दगड, चिकण झाकण आणि उपडं भांडं. आणि क्रम पण बरोबर पाहिजे. भांडं तयार व्हायच्या आधीच तेल निघून गेलं तर भांडं रिकामं. यातलं एक जरी चुकलं तरी कोरडी विहीर.

मग आपल्या जमिनीखाली का नाही?

आता आप्पांचा प्रश्न. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट आले. थरावर थर. सह्याद्रीचे कडे बघा, पायऱ्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात कुजायला काही नाही, शिजायला काही नाही. आपल्याकडे काळा पाषाण उघडा पडलाय किंवा वर जांभा आणि पातळ माती. समुद्राचा दोन-तीन किलोमीटर जाड गाळ आपल्या शेतावर कधी बसलाच नाही.

समुद्रात मात्र उलट झालं. त्याच सुमारास हिंदुस्थानच्या पश्चिमेचा जमिनीचा एक तुकडा तुटून लांब गेला, सेशेल्सची बेटं त्याचाच भाग. तुटताना किनाऱ्यापलीकडची जमीन फळ्या फळ्यांनी खचली. काही फळ्या खूप खाली गेल्या, काही उंच राहिल्या. बॉम्बे हाय ही उंच राहिलेली फळी. भोवतीच्या खोलगटांत, विशेषतः सुरतच्या बाजूला, नद्यांनी गाळ टाकला. तेव्हा तिथे उथळ समुद्र, खाड्या आणि दलदलीचा किनारा होता, आपल्या खाजणासारखाच म्हणा. साधारण पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचा तो काळा गाळ म्हणजे बॉम्बे हायची शेंग आणि कोंबडी. चुनखडीचा मुख्य थर त्यानंतर बऱ्याच काळाने, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा. वरून नवा गाळ पडत राहिला, खोलगटातला माल शिजला, तेल कडेकडेने चढत उंचवट्यावरच्या चुनखडीत येऊन अडकलं.

म्हणजे काळा पाषाण समुद्राखाली पण आहेच, तो आपल्या पायाखालून तसाच पुढे गेलाय. फक्त तिथे त्याच्या डोक्यावर जाड गाळ आहे, इथे नाही.

पूर्ण खरं सांगायचं तर लाव्हाच्याही खाली काही ठिकाणी त्याहून जुना गाळ असू शकतो. सरकारच्या तेलखोऱ्यांच्या यादीत दख्खनचं नाव आहे, आणि तिथे अभ्यास झालेत. पण काळ्या पाषाणाच्या जाड थरातून खालचं बघणं फार अवघड. आणि ते असलं तरी आपल्या खाचरात तवंगाच्या रूपाने वर येणार नाही.

दुसरी गोष्ट, गुंठ्याच्या भावाची. सातबारा तुमच्या नावावर असला तरी खालचं तेल तुमचं नाही. जमिनीखालचं तेल सरकारचं. शेतकऱ्याला मिळतो तो वापरलेल्या जमिनीचा मोबदला. तेव्हा "तेल लागणार आहे, आताच साठेखत करा" म्हणून कोणी एजंट आला तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

भोंगा वाजवून काय शोधतात

माझ्या वाडीत मी बोअर मारला तेव्हा आधी पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ उभा राहिला, जागा ठरली. अडीचशे फूट गेलो, नुसती धूळ. दुसरा बोअर त्याच्यापासून चाळीस पावलांवर मारला, तिथे दीड इंची पाणी लागलं. काळ्या पाषाणात पाणी फटीत असतं, फट सापडली तर सापडली. दोन बोअरचं कर्ज तीन वर्षं फेडलं. समुद्रात एक विहीर म्हणजे कोट्यवधींचा मामला, तिथे नारळावर भागत नाही.

तिथे आवाज वापरतात. रिकाम्या डब्यावर आणि भरलेल्या डब्यावर टिचकी मारली तर आवाज वेगळा येतो, ते आपल्याला माहीत आहे. सर्व्हेचं जहाज मागे दाबलेल्या हवेच्या बंदुका ओढतं. त्या ठरावीक सेकंदांनी फुटतात. धम्म. तो आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने खाली जातो, तळात शिरतो आणि दगडाचा प्रत्येक थर बदलला की थोडा परत फिरतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब केबल असतात, त्यात पाण्यातले माइक ओवलेले. परत आलेला प्रत्येक आवाज किती वेळाने आला ते ते टिपतात. बॉम्बे हायच्या चुनखडीवरून, म्हणजे तळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवरून, आवाज सेकंद-दीड सेकंदात परत येतो. माथ्यावर लवकर येतो, उतारावर उशिरा. असे लाखो आवाज कॉम्प्युटरवर जुळवले की खालच्या थरांचं चित्र उभं राहतं, थेट सोनोग्राफीसारखं. बायकांची सोनोग्राफी आणि समुद्राची सोनोग्राफी, तत्त्व एकच.

पण नाखवा, एक गोष्ट लक्षात घ्या. हे जहाज तेल बघत नाही. ते भांडं बघतं. उपडं भांडं कुठे आहे एवढंच आवाज सांगतो. भांड्यात तेल आहे की नुसतं खारं पाणी, हे भोक पाडल्याशिवाय नक्की कळत नाही. गॅस असेल तर कधी कधी प्रतिध्वनी जास्त चमकतो, पण तोही फसवतो. जगभर अशा शोध-विहिरींतल्या निम्म्याहून जास्त कोरड्या निघतात.

जाळ्यांचं म्हणाल तर भांडण इथेच आहे. कित्येक किलोमीटर शेपूट लावलेलं जहाज चटकन वळू शकत नाही, थांबू शकत नाही. म्हणून त्याच्या पुढे-मागे गार्ड बोटी फिरतात आणि रस्ता मोकळा करायला लावतात. आपल्या डोल जाळ्या तर खुंटाला बांधलेल्या, त्या रातोरात हलत नाहीत. सर्व्हे पावसाळ्यात करता येत नाही, खवळलेल्या समुद्रात माइकला आवाज नीट येत नाही. म्हणजे जो मोसम मासेमारीचा, तोच सर्व्हेचा. आमच्या नाखवांची एका वर्षी जाळी तुटली, भरपाईच्या कागदाला कोणी वाली मिळाला नाही. ते राग धरून आहेत, त्यात काही चूक नाही.

मासा पळतो का, हेही त्यांनी विचारलं. १९९० च्या दशकात नॉर्वेकडच्या बॅरेंट्स समुद्रात हे मोजून बघितलं होतं. हवेच्या बंदुका सुरू झाल्यावर कॉड आणि हॅडॉक या माशांची पकड साधारण निम्म्यावर आली, आणि सर्व्हे थांबल्यावरही पाच दिवस पूर्ववत झाली नाही. तो समुद्र वेगळा, मासे वेगळे, आपले बोंबील-पापलेट तसेच वागतील असं मी म्हणणार नाही. पण "मासा लांब जातो" हे कोळ्याचं म्हणणं हसण्यावारी न्यायचं नाही, एवढं त्यातून नक्की.

ज्यांच्या बंदरावर सूचना लागेल त्यांनी तिचा फोटो काढून ठेवा, त्यात अक्षांश-रेखांश आणि तारखा असतात. आपली जाळी कुठे होती ती जीपीएसची नोंद ठेवा. नुकसान झालं तर त्याच दिवशी सोसायटीकडे आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे लेखी द्या, पोच घ्या. दोन महिन्यांनी तोंडी सांगून काही होत नाही. आणि प्लॅटफॉर्मच्या ५०० मीटरच्या आत जाळं टाकायचं नाही हा कायदाच आहे. खांबांभोवती मासा जमतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी नाही.

रशियाचं जहाज आणि दहा वर्षांची वाट

बॉम्बे हायचा उंचवटा पहिल्यांदा याच आवाजाने दिसला. १९६० च्या दशकात, १९६४ च्या सुमारास, सोव्हिएत रशियाचं 'अकादमिक अर्खांगेल्स्की' हे जहाज खंभातच्या आखातात आणि पुढे आपल्या समुद्रात फिरलं. उंचवटा नकाशावर आला, पण ७५ मीटर पाण्यात भोक पाडायला देशाकडे साधन नव्हतं. ओएनजीसीने आधी १९७० मध्ये गुजरातच्या किनाऱ्याजवळ अलियाबेटला उथळ पाण्यात हात मारून बघितला. मग जपानकडून 'सागर सम्राट' आली. तिला लांब पाय असतात. जागेवर नेऊन उभी करायची, पाय तळापर्यंत सोडायचे आणि त्या पायांवर सगळी रिग पाण्याच्या वर उचलायची, लाट खालून गेली पाहिजे.

विहीर मारायची तऱ्हा आपल्या बोअरसारखीच, फक्त काळजी दसपट. टोकाला दात असलेला बिट फिरतो, पाइपातून खास चिखल आत सोडतात, तो दगडाचा भुगा घेऊन वर येतो. तो भुगा माणूस बसून तपासतो, कुठला दगड लागला, तेलाचा अंश आहे का. त्या चिखलाच्या वजनानेच खालचा दाब दाबून ठेवतात, नाहीतर तेल-गॅस उसळून वर येईल. थोडं खोदलं की लोखंडी केसिंग घालून सिमेंट करायचं, मग पुढे. शेवटी तारेने यंत्रं आत सोडून दगडाची छिद्रं, पाणी, तेल मोजायचं.

१९७४ चा तो फेब्रुवारी. चार महिन्यांपूर्वी अरब-इस्रायल युद्धामुळे तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता तो बारापर्यंत गेला होता. देशाची तिजोरी रिकामी होत होती. त्या दिवसांत या विहिरीला तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. आधी तेल टँकर जहाजातून यायचं, मग १९७८ पर्यंत समुद्राच्या तळावरून उरणला पाइपलाइन आली. उरणच्या बाजूला रात्री जी ज्योत दिसते ती त्याच कामाची. १९८९ च्या सुमारास बॉम्बे हाय दिवसाला चार लाखांहून जास्त पिंपं देत होतं, एक पिंप म्हणजे १५९ लिटर. आता तेवढं निघत नाही. दाब उतरला, म्हणून तेल पुढे ढकलायला समुद्राचंच पाणी खाली सोडतात. तरी निम्म्याहून जास्त तेल दगडाच्या छिद्रांना चिकटून खालीच राहतं. जांभ्याने प्यालेलं पाणी तुम्ही कधी पूर्ण परत काढलंय का? तसंच.

'सागर सम्राट'ने मधल्या काळात शंभरावर विहिरी मारल्या. नंतर तिचं रूप बदललं आणि २०२२ च्या शेवटापासून ती तेल काढायच्या कामाला लागली आहे.

थळचा युरिया

उरणला आलेल्या गॅसवर थळचा आरसीएफ कारखाना उभा राहिला, नागोठण्याचा प्लास्टिकचा कारखाना पण. युरिया करायला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, आणि तो या गॅसमधून काढतात. आता त्यात परदेशातून जहाजाने आलेला गॅसही मिसळतो. पण लावणीनंतर भाताला आपण जी गोणी फोडतो, त्यात पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीचा थोडा तरी अंश असतो. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग खाचरात तेल नाही असं कसं म्हणतोस, आपणच टाकतो की."

एक शेवटचा मुद्दा, कारण ग्रामसभेत तो कोणीतरी काढतोच. बॉम्बे हायच्या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळते का? नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालची संपत्ती केंद्राची. गुजरात, आसाममध्ये जमिनीवर तेल निघतं, त्याची रॉयल्टी त्या राज्यांना जाते. आपलं तेल समुद्रात, म्हणून रॉयल्टी दिल्लीत. मला हे पटत नाही. जागा गेली उरणच्या शेतकऱ्यांची, जाळी हलवायची आपल्या कोळ्यांनी, पाइप आपल्या किनाऱ्यावरून. पण कायदा आज तसा आहे.

नाखवांनी या वेळी जाळी आधीच काढून घेतली. खुंट मात्र तसेच ठेवलेत, त्यांच्या जागेचे आकडे मी माझ्या मोबाइलमध्ये टिपून घेतलेत. सर्व्हेचं जहाज गेल्यावर आम्ही दोघं जाऊन बघणार आहोत.